हौशी पाणबुड्याचा ठाम नकार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा ओल्या केसांनी साष्टांग नमस्कार. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? जिना टाळा म्हणावं, पण तेवढ्या निमित्ताने बाकीची कामं टाळत नाहीत ना, इकडे तुझं लक्ष असू दे. आम्ही उभयता ठीक. दुकान ठीक. रविवारपासून माझा डावा कान बंद आहे, पण तुझी भावजय जेवायला त्याच बाजूला बसत असल्यामुळे घरात शांतता आहे.

तुझं पत्र मिळालं आणि डोकं फिरलं. 'एवीतेवी पाण्यात बुड्या मारतोसच, तर स्कूबाचा तो व्यावसायिक कोर्स करून टाक, चार लोकांना खाली नेशील' असं तू लिहावंस? बाकीचे म्हणतातच. आपल्या घरात कोणाला काही नुसतं आवडून चालत नाही, लगेच त्याची परीक्षा द्यावी लागते. (मी लहानपणी बरा गायचो. परीक्षांना बसवून बसवून तुम्ही ते कसं बंद पाडलंत, आठवतंय ना?) अर्धं आयुष्य मी चष्म्याच्या दुकानात अंधाऱ्या खोलीत उभा राहून 'आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?' हा एकच प्रश्न विचारत आलोय, आणि गिऱ्हाइकं 'पुन्हा दाखवा' म्हणत आली आहेत. पाण्याखाली मी कोणाला काही विचारत नाही आणि मला कोणी विचारत नाही. तोंडात नळी असते, त्यामुळे भल्याभल्यांचा नाइलाज होतो. तिथे मी सुखी असतो, ताई. सरळच लिहितो. त्या सुखाचा मला धंदा करायचा नाही. कोर्स करणार नाही म्हणजे नाही.

शिवाय प्रयोग करून झालाय. गेल्या रविवारी आमच्या मास्तरांनी (बुड्या शिकवतात ते, पाण्याखाली वाघ, जमिनीवर स्वतःच्या चपला शोधत फिरणारे) मला मदतनीस म्हणून नेलं. काम सोपं होतं. चार शिकाऊ माणसं, पुढे मास्तर, सगळ्यात मागे मी, आणि नजर माणसांवर, माशांवर नाही. आता बघ, डाव्या हाताला एक कासव निवांत चाललंय, आणि मी एका विमा एजंटच्या टाचा बघत पोहतोय. मी कासवाकडे बघितलं. जरासंच बघितलं. परत वळतो तर टाचांचे जोड तीनच. त्यात भर म्हणजे (हे गिऱ्हाइकांच्या कानावर जाता कामा नये) माझ्या मास्कला नंबरची काच नाही. जगाला चष्मे करून देतो, स्वतःचं तेवढं राहून गेलं. तुझी भावजय याला आळस म्हणते.

तेवढ्यात खडकापाशी एक काळी आकृती घुटमळताना दिसली. त्या रबरी पोशाखात सगळेच सारखे दिसतात. मी हात धरला, खुणेने 'ठीक?' विचारलं, 'ठीक' असं उत्तर आलं, आणि मी त्या आकृतीला नियमाप्रमाणे थांबत थांबत वर आणून आमच्या बोटीत चढवलं. मास्क निघाला तर आत भलतेच गृहस्थ. पलीकडच्या बोटीतले, पेशाने अकाउंटंट. आमचे विमा एजंट त्यांच्या बोटीत बिस्किटं खात तिथल्या लोकांना विम्याचं महत्त्व पटवत होते. मग भर समुद्रात, दोन्ही बोटींच्या लोकांसमोर, माणसांची अदलाबदल झाली. किनाऱ्यावर उतरताना मास्तर एवढंच म्हणाले, "चार नेले, चार आणलेत. आकडा बरोबर आहे."

आता तूच सांग, असल्या माणसाच्या हाती कोणी आपला जीव द्यावा का? मला आपलं माझं पाणी आणि माझं कासव पुरे. हा विषय माझ्यापुरता संपला आहे, तूही पुन्हा काढू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
ऐकत नसलेला धाकटा

ता. क. : ते अकाउंटंट काल दुकानात आले होते. डोळे उत्तम आहेत, नंबर शून्य. बराच वेळ फ्रेमी चाळून मग म्हणाले, "मी माझ्या लोकांना चुकलो होतो हो. काही सुचत नव्हतं. तुम्ही हात धरलात तेव्हा कुठे जीवात जीव आला." पुन्हा पाण्यात उतरायचं तर माझ्याबरोबरच, नाहीतर नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, मला तसं कोणाला नेता येत नाही, त्यासाठी कोर्स लागतो. ते म्हणाले, "थांबतो की." आणि खरोखरच स्टुलावर बसले. (मास्कला काच बसवायला टाकली आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.)

ता. ता. क. : कोर्स सोमवारी सुरू होतोय. घोळ तुझ्या परवानगीमुळे झालाय. सायकल, दुकान, लग्न, आजवर मी जे काही धड केलं ते तू 'खबरदार' म्हणाल्यावरच केलं. तरी उलट टपाली मला कडक मनाई कर. नुसतं 'नको' पुरणार नाही, या वयात तुला झेपणार नाही असंही लिही. सोमवारच्या आत पोचेल असं बघ.