शौर्यच्या घोड्याची घंटी

मी, कुंडलिक भागूजी राऊत, धंदा सुतारकी व थोडी शेती, राहणार डिंगोरे, तालुका जुन्नर, हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, घोटभरही घेतलेली नाही, कोणी हात धरून लिहून घेत नाही. उद्या सकाळी मी कोयता घेऊन घरामागच्या उसात शिरणार आहे. परत आलो तर हा कागद चुलीत घालावा. न आलो तर अक्षर न् अक्षर पाळावं.

घर सून उज्ज्वला हिच्या नावे. मुलगा बाळासाहेब याने तिथं खुशाल राहावं, पण शब्द तिचा चालेल. का, ते सांगतो.

नातू शौर्य याच्यासाठी मी जुन्या पलंगाच्या सागाचा झुलता घोडा केला. पोर कलंडू नये म्हणून खालच्या दोन वाकड्या पट्ट्या पुन्हा पुन्हा तासल्या. माझं काम तिथं संपलं होतं. पण बाळासाहेबाला हौस! जत्रेच्या बोकडाचं वाळवलेलं कातडं त्याने खोगीर म्हणून ठोकलं, आणि त्याच बोकडाची घंटी घोड्याच्या गळ्यात बांधली. मी म्हणालो, "आरं, ऊस दारापर्यंत आलाय, त्यात बिबट्या हिंडतोय, अन् तू बोकडाचा वास ओट्यावर मांडून ठिवतोस व्हय?" तर म्हणतो, "आण्णा, तुमी लईच भिता."

मागल्या आठवड्यात सोमवारी सकाळी घोडा उसाच्या कडेला आडवा सापडला. कातडं फाडलेलं, मानेत दातांच्या खोल खुणा, घंटी गायब. "कुत्रं असंल," बाळासाहेब म्हणे. सागात इतका खोल दात कुत्र्याचा जात नाही, बाबा.

घंटी उसात कुठंतरी अडकली आहे. जवळून काही गेलं की वाजते. ती वाजली की शौर्य ओट्यावरून उतरतो आणि "माझा घोडा बोलावतोय" म्हणत उसाकडे पळतो. काल उज्ज्वलाने त्याला बांधावर धरला. बाळासाहेब म्हणतो, "कारखान्याची टोळी आल्याबिगर तोडायचा न्हाई, वजन जातं." आणि पोर गेलं म्हंजे? ती घंटी मीच उसातून काढून आणणार.

म्हणून शेत शौर्यच्या नावे, तो जाणता होईपर्यंत कारभार उज्ज्वलाचा. अट एकच. ऊस लगेच तोडावा, आणि घराजवळ पुन्हा लावू नये. मेथी करा, कांदा करा.

हत्यारं भाचा सूरज याला. ज्या हातोडीने कातडं ठोकलं ती मात्र बाळासाहेबाला.

घोडा जाळू नये. मानेतल्या खुणा रंधा मारून काढू नयेत. तो बाळासाहेबाच्या उशाशी ठेवावा.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

डिंगोरे, दि. ११ नोव्हेंबर २०२५
सही: कुंडलिक भागूजी राऊत
साक्षीदार: ऋषी बबन डुंबरे (सही), लंकाबाई गेनू डुंबरे (अंगठा)

खुलासा: लंकाबाईचा अंगठा पुसट उठला आहे, कारण तेवढ्यात घंटी वाजली आणि तिचा हात हलला. वारा नाही. उज्ज्वला शौर्यला हाका मारते आहे, तो ओ देत नाही. वर 'उद्या सकाळी' लिहिलं आहे, तिथं 'आत्ता' वाचावं.