सहाव्या प्रकरणात मेलेला शिंपी

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझा दमा कसा आहे? आणि तुझ्या नव्या कादंबरीतला तो पहारेकरी मीठ आणायला निघाला होता, तो दुकानापर्यंत पोचला का? दोनशे पानं झाली म्हणून विचारलं. "मी काही ठरवत नाही रे, पात्रंच मला हाताला धरून नेतात," असं तू सांगतेस, तेव्हा मला वाटतं, या वयात अनोळखी माणसांबरोबर असं कुठेही जाऊ नये.

माझं तसं नाही, हे तुला ठाऊक आहे. साप्ताहिकातल्या माझ्या कादंबरीची बाराही प्रकरणं मी आधीच बारा कार्डांवर मांडून जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ओळीने लावली होती. कुणी कधी यायचं, कधी रडायचं, कधी मरायचं, सगळं नक्की. दर आठवड्याला पुढच्या कार्डासमोर खुर्ची ओढायची आणि लिहायला लागायचं. विचार आधीच करून ठेवलेला असतो, त्यामुळे लिहिताना तो करावा लागत नाही. (तुमच्यासारख्यांना हे सुख कळायचं नाही. तुमचं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.) ठरल्याप्रमाणे सहाव्या प्रकरणात शिंपी जिन्यावरून पडून मेला. बायको ते वाचून दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, पण बायकोच्या तोंडाकडे बघत कुणी कादंबरी लिहीत नाही.

मग घराचं रंगकाम काढलं. बायकोने कार्डं उतरवली आणि रंग वाळल्यावर परत लावली. (कार्डांवर आकडे घातले नव्हते. ओळीत लावलेल्या कार्डांना आकडे कशाला?) मी नेमाने नवव्या कार्डासमोर खुर्ची ओढली. 'शिंपी येतो, शाळेतल्या बाईंच्या कोटाचं माप घेतो, चहा घेतो.' ते खरं तर तिसरं कार्ड होतं. मी ते प्रकरण दुसऱ्यांदा लिहिलं, या खेपेला जरा बरं उतरलं असंही मला वाटलं, आणि पाठवून दिलं. छापूनही आलं. मरून तीन आठवडे झालेला माणूस बाईंच्या खिडकीशी बसून चहात साखर मागतोय, आणि मी इकडे नाकाने कांदे सोलतोय.

पुढचं ऐक. त्या साप्ताहिकाला एवढी पत्रं आजवर कधी आली नव्हती. संपादक फोनवर गहिवरले. म्हणाले, "शिंप्याने तुमचा तक्ता झुगारला बघा. आता मध्ये पडू नका, तो नेईल तिकडे जा." उरलेली कार्डं मला फाडायला लावली, आणि वर सांगितलं की सोमवारपर्यंत दहावं प्रकरण आलं नाही, तर कादंबरी पुरी करायला ते तुला सांगणार. माझी कादंबरी, आणि तुला. आत्या, चार दिवस मी कोरा कागद घेऊन त्या शिंप्यासमोर बसलोय. तो कुठेही नेत नाही. चहा पितो आणि माझ्याकडे बघतो. मला भीती वाटते आहे, हे फक्त तुलाच सांगतो.

तुझा,
भाचा

ता. क. शिंप्याला दोन दिवस तुझ्याकडे राहायला पाठवू का? तुझ्या पहारेकऱ्यालाही सोबत होईल. शिंपी कुठे कुठे जातो तेवढं उतरवून रविवारच्या आत मला गुपचूप पाठव. संपादकांना कळू देऊ नकोस.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बायकोने हे वाचलं. कार्ड चुकून लागलं नव्हतं म्हणे. शिंपी मेला ते तिला सोसलं नव्हतं. "मग तेव्हाच सांगायचंस," मी म्हटलं. "कुणाला? तुम्ही भिंतीकडे बघत होतात," ती म्हणाली. मग भाजी निवडता निवडता शिंपी मेलाच कसा नव्हता, जिन्यावरून पडला तो कोण, हे तिने सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. दहावं प्रकरण झालं आहे आणि त्यात एकही खाडाखोड नाही. तेव्हा शिंप्याचं राहू दे. एवढंच कळव, की लेखक म्हणून नाव कुणाचं घालायचं? तिने विचारलेलं नाही, आणि मला त्याचाच त्रास होतोय.