न फोडलेला कबड्डीचा गेम

प्रिय बसू,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण पत्राला दुसरी सुरुवात मला येत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते.

परवा तुझी मुलाखत पाहिली. पुण्यातल्या फ्लॅटमधलं काचेचं कपाट, आत दिव्यांखाली मांडलेले खेळांचे व्हिडिओ गेम. फक्त जपानात निघालेला बेसबॉल, फक्त ऑस्ट्रेलियात विकलेला फुटबॉल आणि मधोमध आपला कबड्डीचा. जो गेम एकाच मुलखात निघाला, बाहेरच्या मशीनवर धड चालतही नाही, त्याच्यासाठीच जगभरचे हौशी लोक जीव टाकतात, हे छान समजावलंस. मराठी समालोचनाच्या डिस्क तर फक्त आपल्या भागात आल्या, त्याही थोड्याच, आणि प्लास्टिक न फोडलेली एकट्या तुझ्याकडे. ते समालोचन कुणाचं, एवढं सांगायला मात्र तुला वेळ मिळाला नाही वाटतं.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीहून कॉलेजला आलास तेव्हा तुझं निम्मं बोलणं कन्नड होतं. आमच्याच घरी माझा भाऊ होऊन राहिलास, आईच्या हातच्या भाकरीवर वाढलास. अप्पा कबड्डीच्या समालोचनाला जाताना तुला सामन्यांना न्यायचे, माइक हातात द्यायचे. तू ‘रेड’ म्हणालास की ओरडायचे, “चढाई म्हण की रं, लाज वाटतीय व्हय?” गेमच्या कंपनीनं त्यांना रेकॉर्डिंगला नेलं तेव्हा शुद्ध बोला म्हणून बजावलं होतं. अप्पा थोडा वेळ शुद्ध बोलले. मग पडद्यावरच्या गड्यानं मध्यरेषेकडे उडी घेतली आणि यांच्या तोंडून निघालंच, “मांडी धर की लेका, मांडी!” कंपनीला ते एवढं आवडलं की तसंच ठेवलं.

अप्पांना दोन डिस्क मिळाल्या होत्या. आमची तू आणि मी खेळून खेळून झिजवली. उरलंसुरलं आईनं केलं. खंडेनवमीला अप्पांची शिट्टी आणि माइक पूजेला मांडले, त्यात डिस्कही ठेवली आणि चकचकीत बाजूला भक्तिभावानं ओलं हळदीकुंकू लावून अक्षता चिकटवल्या. पुसता पुसता ओरखडे पडले, डिस्क गेली ती गेलीच. अप्पा पोट धरून हसले. म्हणाले, “असू दे, बसूकडं हाय की दुसरी.” ती तुला नोकरी लागली तेव्हा त्यांनीच दिली होती, तुला घरची आठवण यावी म्हणून.

पुढं घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढली. त्यांना एकदा स्वतःचा आवाज ऐकायचा होता. इंटरनेटवर हिंदी डिस्कच सापडते. सामन्यांच्या व्हिडिओत नुसता भोंग्याचा खरखराट. मी तुला फोन केला. तू म्हणालास, सील फुटलं की त्यात काही राहत नाही गं. अप्पा समोरच बसले होते, फोन स्पीकरवर होता. त्यांनी मला हातानंच खूण केली, राहू दे. बसू, मला त्या खुणेचा अजून राग येतो. तुझा तर येतोच.

गेल्या महिन्यात अप्पा गेले. तू आला नाहीस, मेसेज आला. वाईट झालं म्हणालास आणि खाली विचारलंस, अप्पांच्या सहीचा एखादा कागद आहे का, स्पेनचं गिऱ्हाईक गेमसोबत मागतंय. सही मिळणार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. काल आईनं विचारलं, तुझे अप्पा मला हाक कशी मारायचे गं? मी करून दाखवायला गेले, ‘जगदेवीऽ’ म्हटलं, आणि तो माझाच आवाज निघाला. पुन्हा म्हटलं, तरी माझाच. आई म्हणाली, असं नव्हतं. तेव्हा बसू, ते प्लास्टिक फाड. अप्पांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आईला पाठव, मग ती डिस्क कुणालाही वीक. नाही फाडलंस, तर यापुढे या घरी काहीच पाठवू नकोस, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा.

एकेकाळची तुझीच बहीण,
दानेश्वरी