तुमची बाजू

रविवार, ९ मार्च

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. एक प्रश्न सहा वर्षं माझ्याजवळ पडून आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. बातमी छापून आली त्या सकाळी तुम्ही पेपर काखेत घेऊन आमच्या दारात आलात. आई चहा टाकायला वळली. तुम्ही उंबरठ्यावरूनच माझ्याकडे बघितलंत, "छान लिहितेस हो," एवढं म्हणालात आणि निघून गेलात. भांडला का नाहीत, मामा?

आई बरी आहे. तिचा गुडघा आणि ती, दोघंही कुरकुरतात. तुमचा विषय निघाला की ती उठते आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसते.

माझं ठीक चाललं आहे. म्हणजे लोक तसं म्हणतात. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं बातमीपत्र आहे. खाली मशीन सुरू झालं की वर आमची टेबलं थरथरतात. आठ माणसं आहोत, संपादक मी. जाहिरात घेत नाही, वाचकांच्या वर्गणीवर चालतो. पेपरवाले पाण्याच्या बातम्या आतल्या पानावर ढकलायला लागले तेव्हा मी नोकरी सोडली, टाकीखालच्या वस्तीतल्या बायकांबरोबर पाणी समिती काढली. नऊ महिने दर सोमवारी पालिकेच्या पायऱ्यांवर बसलो आणि नवी लाईन घेऊनच उठलो. त्यातून हे बातमीपत्र उभं राहिलं. हे सगळं तुम्हाला कुणाकुणाकडून कळलंच असेल.

या सगळ्याच्या पायाशी कोणती बातमी आहे, तेही तुम्हाला माहीत आहे. लाईन दुरुस्त झाल्यावर ती न धुता वस्तीला पाणी सोडलं गेलं आणि नव्वद माणसं दवाखान्यात गेली. पाणी सोडणारा चावीवाला माझा मामा होता. मी बातमीच्या शेवटी तसं लिहिलंही होतं, "संबंधित कर्मचारी प्रस्तुत वार्ताहराचे नातेवाईक आहेत." त्या ओळीचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू!

नव्या मुलामुलींना शिकवताना पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगत आले. सख्ख्या मामालाही सोडलं नाही, पत्रकाराला आपलं-परकं नसतं, वगैरे. टाळ्या पडायच्या. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीने हात वर केला. शाळेत विचारतात तसं सरळ विचारलं, "ताई, मग तुमचे मामा काय म्हणाले? मी जुनी बातमी वाचली. अभियंता आहेत, डॉक्टर आहेत, नगरसेवक आहेत. मामांची बाजू कुठे दिसली नाही."

मी म्हटलं, "ते बोलायला तयार नव्हते."

मामा, हे मी खोटं बोलले. इतक्या सहज बोलले की माझं मलाच भय वाटलं.

घरी येऊन माळ्यावरची जुनी वही काढली. बातमीच्या आदल्या संध्याकाळचं पान सापडलं. तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात, आठवतं? ताटावरून उठून हात धुताना म्हणाला होतात, "लाईन धुवायची राहिली, असं मी साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, वरून फोन आहे, तू सोड. आता मी कोण मोठा लागून गेलो?" ते मी वहीत लिहिलं आहे. "साहेबांचा तोंडी आदेश." त्याभोवती गोल काढला आहे. आमच्या पहिल्या संपादकांनी शिकवलं होतं, गोल म्हणजे तपासायचं राहिलं. गोल बुजल्याशिवाय बातमी हातावेगळी करायची नाही.

तो गोल मी बुजवलाच नाही. घरातलं बोलणं घरातच ठेवायचं, असं ठरवलं. मामाचं ऐकलं तर लोक म्हणतील, भाचीने झाकून घेतलं. तुमच्या अभियंता साहेबांना सगळं विचारलं, फक्त तेवढं नाही विचारलं. आणि तुम्हाला फोन केला नाही. परक्या माणसाबद्दल लिहिलं असतं तर एक फोन नक्की केला असता, "तुमचं म्हणणं काय?" एवढं विचारायला. तो परक्याचा हक्कसुद्धा मी तुम्हाला दिला नाही, आणि त्यालाच निःपक्षपातीपणा म्हणत राहिले.

माझ्या कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून सही तुमची होती. बाबा तेव्हा लांब कामावर होते आणि मुदत संपत होती. तुम्ही पाणी सोडायची ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकूनच रांगेत उभे राहिला होतात. कारकुनाने विचारलं, "ही पहार कशाला?" तुम्ही म्हणालात, "प्रवेश उघडत नसेल तर लागेल म्हणून." त्याच माणसाची चावी माझ्या बातमीने काढून घेतली. आधी निलंबन, मग टाकीच्या फाटकावर राखण. मामी आईला म्हणाली होती, "आपल्या घरात एकच पदवी आली आणि तीही आमच्याच डोक्यात पडली." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, यापेक्षा नेमकं मला लिहिता आलं नसतं.

वही सापडल्यावर मी पंपघरात गेले. तिथले जुने चालक अजून आहेत. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. त्या पहाटेची नोंद, साहेबांचा फोन, "धुण्यासाठी थांबू नका." रीतसर अर्ज करून तिची प्रत घेतली. सगळं मिळून अकरा दिवस लागले. चालक म्हणाले, "ताई, तेव्हा कुणी विचारलंच नाही. आम्हाला वाटलं, तुमचं घरचं आहे, तुम्हाला ठाऊक असेल."

आमच्याकडे नियम आहे. चूक जेवढ्या अक्षरांत झाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, पहिल्या जागी, दुरुस्ती द्यायची. आणि ज्याची चूक, त्याने ती लिहायची नाही. नियम मीच केलेला. म्हणून त्या नव्या मुलीला लिहायला सांगितलं. विश्वस्त बाई म्हणाल्या, "अगं, बातमी पेपरातली. आपली नव्हेच. कशाला अंगावर ओढून घेतेस? संस्था बसेल." मी म्हटलं, संस्था उभीच त्या बातमीवर आहे.

त्या मुलीने मंगळवारी तुम्हाला फोन केला, ते तुम्ही जाणताच. ती फोन ठेवून माझ्या टेबलाशी आली. मग तिने तुमचं वाक्य वाचून दाखवलं, "लाईन धुवायला उशीर झालाय, पण धुवा." मी गच्चीवर निघून गेले.

मी तुमची क्षमा मागत नाही, कारण तुम्ही ती लगेच द्याल आणि मग मला पुन्हा सगळं सोपं होईल. तुम्हाला वाटलं तर भांडायला या. आई चहा टाकेल.

पत्राच्या शेवटी "चूकभूल द्यावी घ्यावी" लिहायचं तुम्हीच मला शिकवलं होतं. ती ओळ आज लिहीत नाही. देणारी मी, घेणारे तुम्ही एकटेच, अशी वाटणी झाली.

सोबत आजचं पहिलं पान जोडलं आहे. दुरुस्ती सकाळी सात वाजता प्रसिद्ध झाली, तुमच्या म्हणण्यासकट. वहीचं मूळ पान आणि नोंदवहीची प्रत शुक्रवारी पालिकेच्या चौकशी अधिकाऱ्यांकडे माझ्या सहीने दिली. आणि काल, तुमचं वाक्य छपाईला जाण्याआधी, मी संपादकपद सोडलं.

तुम्हाला न विचारलेली,
तुमची भाची