दोन सह्यांशिवाय चेक वटणार नाही

मी, खाली सही करणारी, बेकरीवाल्याची बायको आणि ते गेल्यापासून स्वतःच बेकरीवाली, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी मौन पाळलं. यापूर्वी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

मला दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्याचं कारण इथे लिहिणं भाग आहे.

आमच्या ह्यांनी दवाखान्यात भरती होण्यापूर्वी अख्ख्या चेकबुकावर सह्या करून ठेवल्या आणि म्हणाले, "आता माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही." माणूस गेला की त्याच्या सहीचा चेकही रद्दीत जमा होतो, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हे गेल्यावर थोरल्याने त्यातला एक चेक भरून मैदावाल्याला दिला. त्याच आठवड्यात धाकटी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेली. खातं गोठलं, चेक परत आला आणि मैदावाल्याने तो भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, थोरल्याच्या हातात ठेवला.

"तू माझं नाक कापलंस," तो बहिणीला म्हणाला.

"बाबा गेल्यावर त्यांच्या सहीने व्यवहार करताना तुला काहीच वाटलं नाही?" ती म्हणाली.

तेव्हापासून "आई, त्याला सांग" आणि "आई, तिला सांग" एवढंच चालू आहे. तो उधारी फेडायला गेला, ती नियम पाळायला गेली. दोघांचंही चुकलं नव्हतं, म्हणून तर मिटत नाही.

कलम १. राहतं घर दोघांना निम्मं-निम्मं. मधे भिंत घालायची नाही.

कलम २. दुकान आणि भट्टी थोरल्याला, पाव करपवत असला तरी. केकचे साचे धाकटीला. ती केक करणार नाही, पण साचे भावाकडे गेले तर तिला झोप यायची नाही.

कलम ३. जाऊबाईंनी माझं मोठं पातेलं "चार दिवसांसाठी" नेलं, त्याला आता जमाना झाला. ते त्यांनाच बक्षीस दिलं आहे. मात्र हे कलम त्यांच्या देखत, मोठ्याने वाचावं.

कलम ४. माझ्या मागे सगळा कारभार पाहायला दोघांना मिळून नेमते. मी गेले की आधी बँकेला कळवावं. माझं एटीएम कार्ड कापून टाकावं. त्याचा नंबर थोरल्याला माहीत आहे, म्हणून कात्री धाकटीने चालवावी. माझ्या नावाने येणारे चेक कुणीही स्वतःच्या खात्यात भरू नयेत. माझ्या मिळकतीचं वेगळं खातं उघडून त्यात ते जमा करावेत, त्यातून आधी देणी भागवावीत (मैदावाला पहिला), आणि उरेल ते सारखं वाटून घ्यावं. या खात्याच्या प्रत्येक चेकवर दोघांच्या सह्या लागतील. कोऱ्या चेकवर सही करायला सक्त मनाई आहे. घराला तेवढा एक अनुभव पुरे. सह्या समोरासमोर बसून कराव्यात. निरोप पाठवू नयेत. निरोप्याची नोकरी मी मेल्यावर सोडते आहे आणि त्या जागी कुणालाही नेमलेलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, न बोलणाऱ्या दोघांना एकत्र नेमू नका. पैसे अडकून पडतील."

"पडू देत," मी म्हटलं. "पैशांपायी तरी एकमेकांची तोंडं बघतील."

कलम ५. वरचं कलम लिहून झाल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुम्ही दोघं एका टेबलाशी बसाल तेव्हा मी नसेन, आणि मला तर तेच बघायचं आहे. म्हणून हा कागद कपाटात न ठेवता त्याची एकेक प्रत आजच तुम्हाला पाठवते. माझ्या खात्याला तुम्हा दोघांची नावं जोडायची आहेत. फॉर्मवर तिघांच्या सह्या लागतात. सोमवारी बँक उघडेल तेव्हा मी दारातल्या बाकावर बसलेली असेन. एकटंच कुणी आलं, तर मी सही करणार नाही.

सही: बेकरीवाली

साक्षीदार:
१. समोरचा शिंपी (आमच्या समक्ष सही केली. हात थरथरला नाही.)
२. डॉक्टर (कलम ५ लिहिताना आजींनी डोळे पुसले, तेही समक्ष.)

ठिकाण: बेकरीची मागची खोली
दिनांक: महिन्याचा शेवटचा शनिवार, दुकान बंद केल्यावर