सेंट्रिंगच्या फळ्यांची पेटी

८ नोव्हें., शनि.
देऊळघाटच्या डीजेवाल्याच्या दोन्ही बेसपेट्या पूर्ण. अठरा एमएम वॉटरप्रूफ प्लाय, आतून आडवे टेकू, सांधे गमनं बंद. "काका, छातीत दणका बसला पायजे." बसेल. अशा पेटीनं स्वतः बोलायचं नसतं, मुकाट स्पीकर धरून ठेवायचा. गिटारच्या स्पीकरपेटीचं उलटं. तिनं थोडं बोललंच पाहिजे. तीस वर्षं सांगतोय, पटत कोणालाच नाही.

दुपारी दिलीपचा फोन. अकरा वर्षांनी! आमच्या ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा, पेट्या आणि ॲम्प्लिफायर माझे. तो पुण्याला गेला, मी इथंच अमडापुरात. रामराम नाही, काही नाही, सरळ सुरू. "भाचीचं लगन हाये चिखलीले. तेवीसले तुह्याकडे येतो. आपली पेटी हाये ना बे?"
हाव म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

१० नोव्हें., सोम.
पेटी आहे. आवाज गेला. कोणाला सांगितलेलं नाही, इथं एकदा लिहून टाकतो.

शाळेच्या स्लॅबचं सेंट्रिंग निघालं तेव्हा उरलेल्या आंब्याच्या फळ्या आम्ही दोघांनी मागून आणल्या. सिमेंटचं पाणी प्यालेल्या, खिळ्यांच्या भोकांनी भरलेल्या. बारा इंची स्पीकर, पाठ उघडी. सांधे नुसत्या खिळ्यांवर, कारण गम चिखलीला मिळायचा आणि प्रोग्राम त्याच संध्याकाळी. त्या पेटीतून जे यायचं ते... जाड तारेला लाकूड गुणगुणायचं. बारीक तारेला किंचित खरखर, रडून झाल्यावर गळ्यात राहते तशी.

दिलीप पुण्याला गेल्यावर पाच वर्षांनी मापं घ्यायला म्हणून खोलली. डावी बाजू सैल, वरची फळी चिरलेली. मला असलं काम बघवत नाही. चीर भरली, सांधे गम लावून स्क्रूनं आवळले, मधे टेकू दिला. बांधणी अव्वल. गिटार जोडून तार छेडली आणि कळलं. डीजेच्या पेटीसारखी मुकी.
गम नंतर किती प्रकारे सोडवून पाहिला. लाकूड सोलतं, गम सुटत नाही.

१२ नोव्हें., बुध.
बायकोला, सु.ला म्हणालो, नवी बांधतो, तश्शीच.
"दिलीपभाऊसाठी? चार लोकांत नको ते बोलले तुमी त्याहिले."
बोललो होतो. अकरा वर्षांपूर्वी, पुण्याला, त्याच्याच वास्तुशांतीत. त्यानं परदेशी गिटार घेतलेली, महोगनीची. येईल त्या पाहुण्याला लाकडाचे गुण सांगत होता. मी म्हणालो, इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड म्हणजे नवरदेवाचा फेटा. फोटोपुरतं. संसार पेटीच करते. सगळे हसले. दि. नाही हसला.

मत अजून तेच आहे. तारेखाली चुंबक असतं, ते लाकडाला विचारत बसत नाही. वाल्वच्या ॲम्प्लिफायरचं कौतुक करणारे निम्मं कौतुक स्पीकरचं करत असतात. एमडीएफ मेलेलं. सागवान दिसायला. बर्चचा प्लाय चांगला, पण इतका गुळगुळीत बोलतो की सासरी आलेला जावई.
मत बरोबर होतं. जागा चुकली.

१५ नोव्हें., शनि.
सेंट्रिंगला आता सगळीकडे लोखंडी पत्रे. चिखलीत तीन ठेकेदारांकडे गेलो, जुनी फळी एक नाही. शेवटी बीबी गावी एका म्हाताऱ्या गवंड्याच्या गोठ्यात सापडल्या.
"काऊन पायजेत?"
"गिटारची पेटी करतो."
"मंग सागवानाची करा ना राजेहो. ह्या तं म्या चुलीसाठी ठुल्या."
"सागवान बोलत नाही, आजोबा."
"अन् हे बोलते?" त्यानं बोटानं फळी ठोकली, कान लावला, मग बायकोला हाक मारली. "ऐकलं काय वं? आपली फळी बोलते म्हणे!"
हसत हसत सहा दिल्या. एसटीच्या कंडक्टरशी भांडून आणल्या.

१९ नोव्हें., बुध.
नवी पेटी तिसऱ्यांदा ठोकली. मापं मिलिमीटरपर्यंत तीच. जुनी खोलायच्या आधी एक केलं होतं ते बरं झालं. पेटीवर मोहरी पसरून, जाड तार छेडून, दाणे कुठं जमतात त्याचं चित्र वहीत काढून ठेवलेलं. तेव्हा मधोमध दोन पट्टे यायचे. आज दाणे सगळे कडेला पळतात.
सु. दारातून, "फोडणीची मोहरी नाचवून राह्यले, अन् इकडं वरण तसंच."
डावी बाजू मुद्दाम सैल ठेवायची असं घोकत होतो. पण हातोडी हातात आली की शेवटचा एक घाव बसतोच. चाळीस वर्षांची सवय. जे घाईत जमलं ते ठरवून...

२२ नोव्हें., शनि.
जुन्या पेटीचं कापड उतरवून नवीवर चढवलं. कडीही तीच, कोपऱ्यांच्या पट्ट्याही. दि.ला जुनीच वाटेल. वाटावी म्हणूनच केलं. जुनी उघडीबोडकी प्लायच्या मागं उभी केली, वर पोतं.
आयुष्यात खोटं लेबल लावून माल दिला नाही कधी.

२३ नोव्हें., रवि.
आला. केस गेलेत, पोट आलंय, चाल तीच. खांद्यावर महोगनी. "फेटा घेऊन आलो बे!" म्हणाला. मी हसलो, तोही हसला. कुठं बघावं कळेना.

ओसरीवर पेटी ठेवली. कापडावरून हात फिरवला त्यानं. डोळे मिटून चांगला पाऊण तास वाजवला. हात अजून गोड आहे. पण मी पेटी ऐकत होतो. जवळ आलाय आवाज, उंबऱ्यापर्यंत. गुणगुण नाही, खरखर नाही.
"तेच. एकदम तेच बे."
सु. चहा घेऊन उभी. माझ्याकडं पाहिलं. मी साखर ढवळत राहिलो, बिनसाखरेच्या चहात.
"पुण्याले नेऊ हे? गुरुवारी गाडी घिऊन येतो."
म्हणालो, तुहीच हाये, ने.
जेवायला थांब म्हटलं. नको म्हणाला, लग्नघरी वाट पाहतात.

२४ नोव्हें., सोम.
रंधा धरवेना. विचार एकच. त्याला फरक ऐकूच आला नसेल, तर तो आवाज होता हे माहीत असणारा मी एकटाच उरलो. आणि ऐकू येऊनही माझं मन राखायला तेच म्हणाला असेल, तर मी त्याच्या लेखी परका झालो. पूर्वी एक तार अर्धा पडदा उतरली तरी शिव्या द्यायचा. बरं बरं पाहुण्याला म्हणतात.

सु., "सांगून टाका ना."
"काय सांगू?"
"का पेटी तुमीच मोडली म्हणून."
"मोडली नाही. दुरुस्त केली."
"तेच ते."

२६ नोव्हें., बुध.
फोन उचलून दोनदा ठेवला. फोनवर सांगण्यासारखं नाही. गम दाखवावा लागेल, चीर दाखवावी लागेल.
काम काही नाही केलं. गावच्या भजनी मंडळाचा स्पीकर तसाच पडलाय.

२७ नोव्हें., गुरु. सकाळ
पोतं काढलं. जुनी पेटी पुसली, ओसरीवर नवीच्या शेजारी ठेवली. भरलेली चीर उन्हात लांबून दिसते. त्याला विचारावंही लागणार नाही.
फोन आला, चिखलीहून निघालाय. म्हणजे अर्धा तास.

काय बोलायचं ते इथं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. दोन्हींतून वाजव म्हणेन, एवढंच. मग विचारेन, रविवारी खरंच तेच वाटलं होतं का बे? खरं बोलला तर चिडेल. माझीही पेटी होती ती, म्हणेल, न विचारता खोललीच काऊन? मीही गप्प बसणार नाही, महोगनीचं निघेल, वास्तुशांतीचं निघेल. आमची भांडणं आवाजावरूनच व्हायची, आणि संपेपर्यंत दोघं एकत्र जेवून उठलेले असायचो.

सु.ला चार भाकरी जास्त टाकायला सांगितल्या. "थांबणार हायेत काय ते?" म्हणाली.
माहीत नाही म्हटलं. पण टाक.