ओल्या चुन्यातला चेहरा

सर, आज मी एका मेलेल्या मित्राचा चेहरा छिन्नीने भिंतीवरून काढला. तो मीच रंगवला होता. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही.

चर्चमधली रविवारची मिस्सा आटपली की मी तुमच्याकडे चित्रकला शिकायला यायचो. वर्ग स्वयंपाकघरातच भरायचा. तुम्ही अंड्यातला पिवळा बलक अलगद चिमटीत धरून बशीत सोडताय, त्यात गेरू घोटताय, आणि शेगडीपाशी उभ्या काकी म्हणतायत, "अंडी न्याहारीसाठी आणली होती हो, संतांसाठी नाही." तुम्ही हसताय. इटलीतले जुने चित्रकार असाच रंग करायचे, मग तेलातला रंग आला, तो सावकाश सुकतो, म्हणून सावली हळूहळू गडद करता आली आणि गाल गोल दिसायला लागले, असं सांगताय. खडूने जमिनीवर रेघा ओढून लांबच्या फरशा लहान कशा होत जातात ते दाखवताय. शाळेच्या पुस्तकात प्रबोधनकाळ जेमतेम पानभर होता. तुमच्या तोंडून ऐकताना तो शेजारच्या आळीत घडल्यासारखा वाटायचा. एकदा मी मेरीमाता काढून आणली. गोरीपान, नाजूक. तुम्ही बराच वेळ बघितलं आणि कागद परत दिलात. "ही बाई कधी दमतच नाही का रे? मूल कडेवर आहे तिच्या." मग म्हणालात, "आधी सगळे संत एकाच तोंडाचे असायचे. पुढे चित्रकारांनी शेजारीपाजारी बघायला सुरुवात केली. भट्टीवाला, कोळी, स्वतःची बायको. तेव्हा कुठे चित्रातल्या माणसाच्या डोळ्यांत झोप दिसायला लागली."

तेच वाक्य घेऊन मी ओमानला आलो असं म्हटलं तर खोटं ठरेल. आलो नोकरीला, इंटिरियरच्या कंपनीत. वर्षानुवर्षं जिप्समच्या छतांवर सोनेरी वेलबुट्टी काढली. आणि यंदा मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात एका ओमानी मालकाने इटालियन रेस्टॉरंट काढायचं ठरवलं. अर्बाब, इथे मालकाला तेच म्हणतात, स्वतः इटली बघून आलेला. मागची अख्खी भिंत त्याला जुन्या पद्धतीने हवी होती, ओल्या चुन्यावर, कमानीखाली चाललेली मेजवानी. छापील कॅनव्हास चिकटवायचा जमाना, आणि हा माणूस मला म्हणतो, हाताने काढ. त्याच संध्याकाळी मी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला लागलो.

गवंडी मिळाला तो राजापूरकडचा. अल हैलला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. रोज सकाळी तो त्या दिवशी रंगवून होईल एवढाच चुना भिंतीवर चढवायचा आणि ओरडायचा, "यल्ला, चल आर्टिस्ट, सुकायच्या आत!" ओला चुना रंग पिऊन घेतो आणि दोघं मिळून दगड होतात, मग पुसणं नाही, खोडणं नाही. मेजवानीत वाढप्याची एक जागा रिकामी होती. मी त्याला म्हटलं, उभा राहा. तो सुरई धरून उभा राहिला. "दाढी नीट काढ हां. आणि पोट जरा कमी कर." पोट कमी केलं नाही. झाल्यावर त्याने फोटो काढून बायकोला पाठवला आणि दिवसभर मिशीत हसत होता.

भिंत पुरी व्हायच्या आतच एका सकाळी तो झोपेतून उठला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. इथेच दफन झालं. त्याचा धाकटा भाऊ दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवरून आला होता. परतायच्या आधी तो मला म्हणाला, "ती भिंत दाखवा." भिंतीसमोर येताच त्याने मान फिरवली.

"जमला नाही का?" मी विचारलं.

"हुबेहूब आहे, भाई. म्हणूनच नको." मग हळूच म्हणाला, "वहिनी तो फोटो बघून सारखी रडते. म्हणते, त्यांना तिथून काढा. लोक जेवणार, हसणार, आणि ते हातात सुरई घेऊन उभेच राहणार. कधीपर्यंत?"

"पण त्याला आवडलं होतं," मी म्हणालो.

"तेव्हा तो जिवंत होता."

मी अर्बाबकडे गेलो. वाटलं, तो नाही म्हणेल आणि माझी सुटका होईल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या हिंदीत म्हणाला, "भिंत माझी, पण माणूस त्यांचा. ते म्हणतील तसं कर."

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, सर. तो भट्टीवाला, तो कोळी, त्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का? त्या बायका मिस्सेला जाऊन चित्रातल्या मेलेल्या नवऱ्याकडे बघत गुडघे टेकत असतील. त्यांना बरं वाटायचं की नको व्हायचं? तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मीही कधी विचारलं नाही. मला त्या झोपाळू डोळ्यांचीच भुरळ पडली होती.

आज दुपारी छिन्नी लावली. आधी हात आणि सुरई काढली, चेहरा शेवटी. तुकडे भावाने पिशवीत भरून नेले, समुद्रात सोडतो म्हणाला. मी एकही मागितला नाही. नव्या गवंड्याने तेवढ्या जागेवर ताजा चुना चढवला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

तिथे मी तुम्हाला काढायला घेतलं, सर. काकीही गेल्या, तुमच्या मागे आता कुणी नाही, हरकत घेणारं कुणी नव्हतं. कपाळ आलं, चष्मा आला. चष्म्यामागे काय होतं ते काही केल्या आठवेना. चुना सुकत चालला होता. शेवटी ते सगळं खरवडून मी तिथे एक खांब रंगवला.